अर्ध्या तासात औंसभरही नाही: कार्यवाद आणि कापसाचा एक तास

शिकागोतली एक शाळा, १८९६ साली सुरू झालेली. मुलांपुढे कापसाची बोंडं ठेवलेली आणि काम एवढंच, की हातानं सरकी वेगळी करायची. एका गटानं तीस मिनिटं बोटं चालवली आणि रुई निघाली एका औंसापेक्षा कमी. औंस म्हणजे २८ ग्रॅम. शाळा काढणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई. लोकरीच्या मानानं सुताचा धंदा इतक्या उशिरा का वाढला हे मुलांनी सांगेपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हतं, अशी कबुली त्यानं १८९९ साली देऊन ठेवली आहे. मुलांनी मात्र मनाशी हिशेब जुळवला. अर्ध्या तासाला औंस धरला तर आठ तासांत सोळा औंस, म्हणजे पौंडभर. एवढ्याशा रुईसाठी दिवस घालवण्यापेक्षा आपले वाडवडील लोकर का वापरत, ते त्यांना उमगलं.

कार्यवाद म्हणजे प्रॅगमॅटिझम, कल्पना तिच्या परिणामांवरून पारखणारा विचार. बी.एड.च्या नोट्समध्ये त्याच्या प्रकरणात हा तास सापडत नाही. तिथे असतं ते 'करून शिकणे', 'सत्य परिवर्तनशील आहे', 'शिक्षक हा मार्गदर्शक', असे पाच गुणांचे पाच मुद्दे. ते चूक नाहीत, पण नुसत्या पाट्या आहेत. कापसाचा तास मात्र नागपुरात बसून वाचला की पहिल्या मिनिटालाच खटकतो. आपले वाडवडील तर सुतीच नेसत होते! मग हाताला इतका जड जाणारा कापूस इथे पंचा-धोतर-लुगड्यापर्यंत पोचला कसा? शिकागोत पटलेला निष्कर्ष विदर्भात आणला की मोडतो. तो मोडतो ही कार्यवादाची अडचण नाही. मोडण्याची सोय ठेवणं हाच कार्यवाद आहे.

आधी शब्दाचं बघून घेऊ, कारण मराठीत इथेच निम्मा घोळ होतो. याच विचाराला कुणी कार्यवाद म्हणतं, कुणी फलप्रामाण्यवाद, कुणी व्यवहारवाद, आणि हिंदी गाईड वाचून आलेली मुलं प्रयोजनवाद लिहितात. चारही चालतात. उपयुक्ततावाद चालत नाही, तो बेंथम आणि मिल यांचा, त्याचा प्रश्न जास्तीत जास्त लोकांच्या सुखाचा. वर्तनवाद तर आणखी तिसराच. 'व्यवहारवाद' या शब्दानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय असं माझं मत आहे. ऐकणाऱ्याला तो 'व्यवहारी माणूस' वाटतो, मग 'नोकरीच्या कामाचं तेवढं शिकवा' हा त्याचा अर्थ होऊन बसतो.

मूळ मुद्दा अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सनं १८७८ मध्ये मांडला, आणि तो अगदी साधा आहे. 'हिरा कठीण आहे' या वाक्याचा अर्थ काय? तर बहुतेक वस्तूंनी त्याला ओरखडायला गेलात तर ओरखडा पडणार नाही. बस, एवढाच. एखादं वाक्य खरं असेल तर काय घडेल आणि काय घडणार नाही हे सांगता येत नसेल, तर ते वाक्य बोललं गेलं पण त्यात काही म्हटलं गेलं नाही. त्याचाच मित्र विल्यम जेम्सनं १९०७ च्या व्याख्यानांत हेच बाजाराच्या भाषेत सांगितलं: आपल्या समजुती नोटांसारख्या चलनात फिरतात, कुणी घ्यायला नकार देईपर्यंत. नागपूरच्या इतवारी बाजारात हुंड्या फिरायच्या तसंच. कुठेतरी, कधीतरी कुणीतरी ती वटवून बघणारच, ही खात्री असेल तोवर हुंडी चालते. कल्पनेची 'रोख किंमत' या जेम्सच्या शब्दांचा अर्थ लोकांनी नफा असा घेतला. त्याला म्हणायचं होतं ते वटण्याबद्दल.

वर्गात याचा अर्थ असा होतो: मुलाच्या डोक्यातली प्रत्येक कल्पना ही एक अंदाजपट्टी आहे, आणि तास असा रचायचा की अंदाज चुकला तर तो त्याच तासात, त्याच्याच हातात चुकावा. सरांच्या तोंडून नव्हे. ड्यूईनं १९१० मध्ये विचाराच्या पाच पायऱ्या लिहिल्या: अडचण जाणवणं, ती नेमकी कुठे आहे ते ओळखणं, तोडगा सुचणं, तो खरा असेल तर काय काय व्हायला हवं याचा विचार करणं, आणि करून बघणं. परीक्षेत या क्रमानं लिहा. वर्गात क्रमाचा आग्रह धरू नका, १९३३ च्या आवृत्तीत त्यानं स्वतःच सांगितलंय की क्रम पक्का नाही. पाचपैकी आपल्याकडे हमखास गळते ती चौथी पायरी. 'असं असेल तर काय व्हायला हवं' हे करण्याआधी लिहून घेतलं नाही, तर करून बघणं म्हणजे नुसती करमणूक.

आता तोच तास नागपूरच्या सातवीत कसा घ्यायचा ते सविस्तर.

कापूस सरकीसकट हवा. गादी भरणाऱ्याकडून आणू नका, तिथली रुई जिनिंगमधून (सरकी काढण्याच्या कारखान्यातून) निघालेली, पिंजलेली असते, तिच्यात शोधायला काहीच उरलेलं नसतं. वेचणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. वर्गातल्या कुणाचं तरी गाव काटोल, सावनेर, उमरेडकडे असतंच, दिवाळीनंतर एक पिशवी मागवली की झालं. चाळीस मुलांना माणशी १० ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅम, वर १०० ग्रॅम सांडलवंड धरून अर्धा किलो पुरतो. १० ग्रॅम म्हणजे दोन-तीन चांगली फुटलेली बोंडं. पिवळा पडलेला, पालापाचोळा लागलेला कापूस बाजूला काढा. आदल्या दिवशी दोन-तीन तास कडक उन्हात वाळवा. हे विसरलात तर तास बसलाच म्हणून समजा, दमट रुई सरकीला चिकटून बसते, ओढली की तुटते आणि मुलं कंटाळतात. बियाण्याच्या पाकिटातली रंगीत सरकी कधीही वर्गात आणू नका, तिला औषध लावलेलं असतं.

आणखी लागतं ते एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा (दोन मिळाले तर रांग लागत नाही), वाट्या, जुनी वर्तमानपत्रं आणि भिंतीवरचं घड्याळ. पंखे बंद. चालू पंख्याखाली रुई उडते, वजनं चुकतात आणि दम्याचं एखादं मूल असेल तर त्याला त्रास होतो. अशा मुलाला खिडकीजवळ नोंदवहीचं काम द्या, नाकाला रुमाल बांधायला सांगा.

जोड तास घ्या, सत्तर मिनिटांचा. पस्तीस मिनिटांत हे उरकतच नाही. पाच-पाच मुलांचे आठ गट करून प्रत्येक गटाला ५० ग्रॅम मोजून द्या. पहिली दहा मिनिटं कापसाला हात लावायचा, एक सरकी सोडवून बघायची, आणि मग दोन अंदाज वहीत लिहायचे: वीस मिनिटांत माझ्या वाट्याच्या १० ग्रॅमपैकी किती सोलून होईल? आणि गटाच्या ५० ग्रॅममधून रुई किती निघेल? अंदाज पेनानं. पेन्सिलची मुभा दिली की उत्तर कळल्यावर अंदाज हळूच सुधारला जातो. पोट्टे यात पटाईत असतात. अंदाजाखाली 'असं का वाटतं' याची एक ओळ, तीही सक्तीची.

दुसरा अंदाज जवळजवळ नेहमीच वर जातो आणि त्याचं कारण बघण्यासारखं आहे. बोंड हातात घेतलं की डोळ्यांना फक्त रुई दिसते, सरकी आत लपलेली. म्हणून मुलं तीस-चाळीस ग्रॅम लिहितात. कापसात वजनानं रुई साधारण एक तृतीयांश असते, जातीनुसार थोडी कमी-जास्त. म्हणजे ५० ग्रॅममधून सोळा-सतरा ग्रॅम. हा आकडा तुम्ही आधी सांगितलात तर पुढचं सगळं नाटक ठरतं. फळ्यावर 'आज आपण पाहणार आहोत की...' असं लिहायची सवय या एका तासापुरती तरी मोडा.

मग वीस मिनिटं, घड्याळ लावून. पाच मिनिटांत 'सर, हे निघूनच नाही राहिलं' सुरू होतं. होऊ द्या. हीच ती ड्यूईची पहिली पायरी, जी प्रश्नपत्रिकेतून कधीच येत नाही. युक्ती सांगू नका. दहाव्या मिनिटाच्या आसपास एखादी मुलगी दोन्ही हातांचे अंगठे वापरायला लागते, कुणी सरकी बाकावर दाबून धरून रुई ओढतं. त्यांना फक्त विचारा: आधीपेक्षा जलद होतंय हे तुला कसं कळलं? उत्तरासाठी तिला सरक्या मोजाव्या लागतील. १० ग्रॅममध्ये साधारण सत्तर-ऐंशी सरक्या निघतात, म्हणजे एका सरकीला पंधरा सेकंद मिळाले तर वीस मिनिटं पुरतात. हा हिशेब मुलांनी केला पाहिजे, तुम्ही नाही.

वजन करताना दोन गोष्टी बिघडतात. एकट्या मुलाची रुई तीन-साडेतीन ग्रॅम असते आणि काटा एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, त्यामुळे एकेकट्याचं वजन निरर्थक येतं. पूर्ण गटाची रुई एकत्र तोला. दुसरं म्हणजे बेरीज. रुई अधिक सरकी अधिक न सोललेला कापूस मिळून ५० व्हायला हवेत, येतात अठ्ठेचाळीस. इथे बरेच शिक्षक 'जाऊ दे, पन्नास लिही' म्हणतात, आणि तासाचा सगळा जीव तिथेच जातो. दोन ग्रॅम कुठे गेले? उडालेली रुई, खाली पडलेला पाला, काट्याची स्वतःची चूक, की वाटीचं वजन वजा करायचं राहिलं? एकेक शक्यता तपासता येते. जमिनीवरचा कचरा गोळा करून तोला. रिकामी वाटी पुन्हा ठेवून बघा. ज्या वर्गात अठ्ठेचाळीसचा अठ्ठेचाळीसच राहतो त्या वर्गात विज्ञान चालू आहे.

शेवटी फळ्यावर आठ गटांचा तक्ता: अंदाज, प्रत्यक्ष, फरक. मग एक शर्ट काट्यावर ठेवा. शाळेचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट दीड-दोनशे ग्रॅमच्या घरात भरतो. एका मुलानं वीस मिनिटांत सगळे १० ग्रॅम संपवले असं धरलं तरी तासाला दहा ग्रॅम रुई, आठ तासांत ऐंशी. एका शर्टाची नुसती सरकी काढायलाच दोन दिवस. पिंजणं, पेळू करणं, कातणं, विणणं पुढेच.

आणि आता तो अडलेला प्रश्न विचारा: मग इथले लोक सुती कसे नेसत होते?

उत्तरं येतात ती अशी: लोक जास्त होते, वेळ जास्त होता, ऊन असल्यामुळे लोकर चालत नव्हती, काहीतरी अवजार असेल. प्रत्येक उत्तराला 'हे खरं असेल तर काय दिसायला हवं?' हा प्रश्न जोडा. उन्हाचं उत्तर गरज सांगतं, जमलं कसं ते सांगत नाही. अवजाराचं उत्तर मात्र पुढच्या तासाला तपासता येतं. पोळपाटासारखा लाकडी पाट घ्या, वीतभर लांब गुळगुळीत लोखंडी सळई घ्या, पाटावर वाळवलेला कापूस पातळ पसरा आणि सळई दाबून पुढे लाटा. सरकी सळईच्या पुढे निसटते, रुई मागे राहते. दाब जास्त झाला किंवा दगडावर लाटलं तर सरकी फुटते, तेल लागून रुई डागाळते. दाब कमी झाला तर सळई नुसती घसरते. दोन-चार वेळा चुकल्यावर हात बसतो. याच कल्पनेची पुढची पायरी म्हणजे दोन लाटांची (रुळांची) लाकडी चरकी, जी हिंदुस्थानात शेकडो वर्षं फिरत होती. अमेरिकेत एली व्हिटनेचं दातेरी जिन, म्हणजे सरकी काढण्याचं यंत्र, आलं १७९३ मध्ये. म्हणजे शिकागोच्या मुलांचा हिशेब बरोबर होता, पण तो उघड्या हातांचा हिशेब होता. निष्कर्ष खोटा ठरला म्हणजे काय, तर त्याची हद्द सापडली. 'सत्य परिवर्तनशील आहे' या नोट्समधल्या वाक्याचा मला कळलेला अर्थ एवढाच, आणि तो 'ज्याचं त्याचं सत्य' याच्या बराच दूर आहे.

आठवी-नववीत हाच धागा इतिहासात नेता येतो. १०० किलो कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई, म्हणजे उरलेलं वजन सरकीचं. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस. मग जिनिंगचे कारखाने कुठे असतील, शेताजवळ की मुंबईला? शेताजवळ, कारण सरकीचं भाडं कोण भरणार. नकाशात हिंगणघाट-आर्वीकडे बघा, अंदाज वटतो. आता विचारा, जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात का? मुलं लगेच तेच उत्तर देतील आणि ते पुरणार नाही. रुईचं सूत होताना वजन फारसं घटत नाही, त्यामुळे वजनाचा नियम जिनला लागू, गिरणीला जेमतेम. मग पाणी, कोळसा, जमिनीचा भाव, १८६७ ला पोचलेली रेल्वे, आसपासचं गिऱ्हाईक असं एकेक बाहेर येतं. जो नियम एका ठिकाणी वटला तो दुसरीकडे न वटणं, हा अनुभव इतिहासाच्या तासाला फार क्वचित मिळतो.

गटांबद्दल एक गोष्ट, जी कार्यवादाच्या पुस्तकी मांडणीत सहसा नसते. तास संपताना बघा, काटा कुणाच्या हातात आहे आणि झाडू कुणाच्या. बहुतेक वेळा काटा पहिल्या बाकावरच्या मुलाकडे असतो आणि जमिनीवरची रुई गोळा करायला मुली वाकलेल्या असतात. कुणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे ड्यूई त्यांचे शिक्षक होते, आणि १९३६ मध्ये जातिव्यवस्थेवर लिहिताना त्यांनी आपण या गुरूचे ऋणी असल्याचं नोंदवलं आहे. लोकशाही ही सरकार चालवण्याची नुसती पद्धत नसून एकमेकांसोबत जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईचा विचार त्यांनी उचलला आणि ड्यूईनं कधी नेला नसता तिथे, जातीच्या भिंतीवर नेऊन आदळला. दीक्षाभूमीच्या शहरात कार्यवाद शिकवताना हा दुवा सुटू नये. वर्गात त्याचं रूप एकदम साधं आहे: पाच मुलं, पाच कामं. तोलणं, वेळ पाळणं, नोंद, झाडलोट, आणि पाचवं काम 'हे कशावरून?' विचारायचं. दर तासाला प्रत्येकाचं काम एकानं पुढे सरकतं. यादी भिंतीवर लावा, तोंडी ठेवलीत तर दुसऱ्या आठवड्यात झाडू परत तिथेच जातो. हजेरीपटाच्या क्रमानं गट करा, मैत्रीनं नको.

नागपूरहून वर्धा पंचाहत्तर किलोमीटर. कापसातून शिक्षण म्हटलं की ऑक्टोबर १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आठवणारच, गांधीजी अध्यक्ष, आणि नंतर झाकीर हुसेन समितीचा आराखडा. त्यात साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला होती. टकळी, पेळू, सूत. नई तालीम (वर्ध्याच्या या योजनेचंच नाव) आणि ड्यूई एकच, असं अनेक गाईडांत छापलेलं असतं. हातानं शिकणं दोघांकडे आहे, पण वर्ध्याच्या योजनेत मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा होती, आणि सगळा फरक तिथे पडतो. शिकागोत अर्ध्या तासात औंसभरही रुई निघाली नाही, तरी तो तास सोन्याचा. सूत विकून शिक्षकाचा पगार काढायचा असेल तर तोच तास तोट्याचा. तुटलेला धागा एका ठिकाणी प्रश्न आहे, दुसऱ्या ठिकाणी नुकसान. न्यायाची गोष्ट अशी की आर्थिक बाजूवर भर देऊन शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका झाकीर हुसेन समितीनं आपल्या अहवालातच नोंदवला होता. ताकीद कुणी फारशी वाचली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले सहावी ते आठवीसाठीचे दप्तराविना दहा दिवस राबवताना तरी ती वाचावी. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे मुलं पाठवून शेवटी विक्रीचा स्टॉल लावला की फोटो छान येतात, प्रश्न एकही येत नाही.

प्रकल्पाचंही तसंच झालं. ड्यूईचा शिष्य किलपॅट्रिकनं १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली तेव्हा चार टप्पे सांगितले होते: हेतू ठरवणं, आखणी, काम, आणि केलेल्याची पारख. चारही मुलांनी करायचे. आपल्याकडे हेतू पाठ्यपुस्तक ठरवतं, आखणी शिक्षक, काम आई, आणि पारख मुखपृष्ठावरच्या चमकीवरून होते. सीताबर्डीच्या दुकानात कापसाच्या अवस्थांचा छापील तक्ता मिळतो, तो चिकटवला की प्रकल्प झाला. २०१० पासून आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात प्रकल्प आणि प्रात्यक्षिक ही साधनं अधिकृतपणे आहेत, त्यामुळे जागा नाही ही तक्रार खरी नाही. गुण कशाला द्यायचे एवढंच बदलायचं. कापसाच्या तासाला दहा गुण असतील तर मी असे वाटेन: अंदाज आणि त्याचं कारण २, जशाच्या तशा नोंदी ३, अंदाज कुठे आणि का चुकला ३, पुन्हा केलं तर काय बदलेन २. अंदाज बरोबर आला याला शून्य. त्याला गुण ठेवलेत की मुलं शेजारच्या तुकडीला विचारून येतात. सुबक अक्षरालाही शून्य, पालकसभेत बोलणी खायची तयारी ठेवून.

हे मूल शिकलं का, ते पंधरा दिवसांनी दुसऱ्याच वस्तूवर बघा. संत्र्याच्या हंगामात विचारा: लिटरभर रसाला किती किलो संत्री आणावी लागतील? जे मूल आकडा ठोकून देतं त्यानं कापूस सोलला फक्त. जे म्हणतं 'आधी एका संत्र्याचं साल, चोथा आणि बिया वेगळ्या तोलू', त्याच्या हातात काहीतरी आलं.

सगळंच असं शिकवता येतं का? नाही. पाढे, जोडाक्षरं, नकाशातल्या खुणा यांना सराव लागतो, त्यात शोधाचं सोंग आणलं तर वेळ जातो. किलपॅट्रिकनंही एखादं कौशल्य पक्कं करण्याला प्रकल्पाच्या प्रकारांत जागा दिली होती. प्रत्येक अनुभव शिकवतोच असंही नाही. १९३८ मध्ये ड्यूईनं आपल्याच अनुयायांना सुनावलं, की काही अनुभव पुढची वाढ खुंटवतात, एक अनुभव पुढच्याशी जोडला जातो की नाही ते बघा. आठवड्यात पाच उपक्रम, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं चित्र दिसलं की समजावं की करण्याची हौस आहे, कार्यवाद नाही. संख्येचीही मर्यादा आहे. शिक्षण हक्क कायदा सहावी-आठवीला एका शिक्षकामागे पस्तीस मुलं सांगतो. चाळीसपर्यंत हा तास ओढता येतो, साठला नाही. साठ असतील तर अर्धा वर्ग सोलेल आणि अर्धा मोजेल, दुसऱ्या दिवशी उलट. सत्रात असे दोन तास जमले तरी पुष्कळ. मार्चनंतर सकाळच्या शाळेत हे काढू नका, अकराला वर्ग तापतो आणि कुणाचंच लक्ष राहत नाही.

सोललेली सरकी फेकू नका. डबीत भरून कोरड्या जागी ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) लावणही त्याच सुमाराची. आज शेतात बहुतेक संकरित बियाणं आहे, त्याची घरची सरकी उगवते, पण झाडं एकसारखी येत नाहीत: एखादं उंच, एखादं बुटकं, बोंडंही लहानमोठी. पूर्वी सरकीच्या लवेमुळे बिया एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पेरण्याआधी त्यांना शेण-माती चोळत. म्हणून दहा सरक्या चोळून आणि दहा तशाच, दोन वेगळ्या कुंड्यांत. किती उगवतील, कुठल्या आधी, झाडं सारखी दिसतील की नाही, हे तीन अंदाज आत्ताच कागदावर घ्या, पेनानं. कागद डबीतच ठेवा आणि झाकणावर तारीख घाला.